सोनेरी शाईखालचा चीक

श्रावण आला की लोकांना ऊन-पावसाचा खेळ आठवतो, झोके आठवतात, पुरणाचे दिंड आठवतात. मला रॉकेलचा वास आठवतो आणि माझं डोकं फिरतं. आता घरात रॉकेल नाही, स्टोव्ह नाही, रांगा लागायच्या ते रॉकेलचं दुकानही कधीच बंद झालं. तरी जळगावच्या रस्त्यांवर उपासाच्या केळ्यांच्या हातगाड्या लागल्या की तो वास कुठूनसा येतोच. घरचे म्हणतात, या दिवसांत तू उगाच भांडतेस. उगाच नाही. मला कारण आहे, फक्त ते आजवर कोणाच्या गळी उतरवता आलेलं नाही.

परवा शेजारच्या वहिनी आल्या. हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली एक नोट. म्हणाल्या, "ताई, तुम्ही बँकेत होता ना? मुलानं मोबाइलवरून मागवली. स्पेशल आहे म्हणे." नोट रोजच्या वापरातलीच. फक्त तिच्या कोऱ्या जागेत कुठल्याशा वर्षपूर्तीची अक्षरं सोनेरी शाईत छापलेली. मी भिंगही काढलं नाही. म्हटलं, "वहिनी, नोट खरी आहे, तिच्यावरचं लिखाण खोटं आहे. सरकारनं असलं काही छापलेलं नाही." वहिनी नोटेकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण सुंदर दिसते, नाही?"

मी चहा टाकला.

या प्रकाराला आम्हा नोटा जमवणाऱ्यांत ओव्हरप्रिंट म्हणतात. तयार नोटेवर वेगळ्या मजकुराची आणखी एक छपाई. जगात काही सरकारांनी कारणपरत्वे तशा नोटा खरोखर काढल्या, म्हणून त्यांना मोल आहे. आणि मोल आहे म्हणूनच कुठल्या तरी गल्लीतला लग्नपत्रिका छापणारा गडी साध्या नोटेवर चार सोनेरी ओळी उमटवतो आणि ती कोणाच्या तरी गळ्यात मारतो. ओळखायचं कसं, ते मला कोणी शिकवलं नाही. माझ्या आजोबांच्या एका नोटेनं शिकवलं.

आजोबा, म्हणजे माझ्या वडिलांचे, नानांचे, वडील, केळीच्या वॅगनबरोबर दिल्लीला जात. फैजपूरच्या आसपासची केळी निंभोरा स्टेशनवरून रेल्वेनं उत्तरेत जायची आणि माल नीट उतरतो की नाही हे बघायला घरचं एक माणूस सोबत लागायचं. फाळणीनंतरच्या अशाच एका खेपेत दिल्लीच्या बाजारात त्यांच्या हाती एक नोट आली. राजाच्या चित्राची, दोन रुपयांची, आणि तिच्यावर इंग्रजीत व उर्दूत 'पाकिस्तान सरकार' असं छापलेलं. नवा देश झाला, त्याच्या स्वतःच्या नोटा तयार व्हायच्या होत्या, तोवर इथल्याच नोटांवर ती अक्षरं घालून काम भागवलं होतं. नोट आपल्याकडे चालेना. आजोबांनी ती टाकून दिली नाही, गाथेत ठेवली. पुढे ती नानांकडे आली आणि नानांना त्या एका नोटेपायी नोटा जमवायचा नाद लागला.

लहानपणी मी ती नोट उन्हात धरून तासन् तास बघायची. अक्षरं कागदात मुरलेली, आवाज न करता बसलेली. नोटेच्या घड्या पडल्या होत्या तिथं अक्षरंही घडीबरोबर झिजलेली. मळ अक्षरांवरून गेलेला. म्हणजे आधी अक्षरं, मग माणसांचे हात. सगळी विद्या एवढीच आहे. खऱ्या छपाईवर जगाचा मळ बसतो. खोटी छपाई जगाच्या मळावर बसते.

आमच्या भागातला मळ म्हणजे केळीचा चीक. ज्यांनी केळीच्या बागेत काम केलेलं नाही त्यांना हा चीक कळायचा नाही. घड कापला की पाण्यासारखा नितळ थेंब पडतो. हाताला लागला तरी पत्ता लागत नाही. मग तो हळूहळू तपकिरी होतो, पुढं काळपट, आणि कापड फाटलं तरी निघत नाही. आमच्याकडे बागेत जायचे कपडे वेगळे, घरातले वेगळे. नानांच्या एकेका सदऱ्यावर असे नकाशे असायचे की आई ते धुताना बोलून बोलून दमून गेली होती. रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यातल्या नोटाही तशाच, कोपऱ्यावर कुणाच्या तरी अंगठ्याचा तपकिरी ठसा घेऊन फिरणाऱ्या. बँकेत आमच्या काउंटरवर नोटांची चवड आली की ती केळीवाल्याची की कापसाची, मी न विचारता सांगायची.

मी सांगतेय त्या वर्षी स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती. जिथं तिथं सोनेरी रंग. कॅलेंडरांवर, वह्यांवर, मिठाईच्या खोक्यांवर. आमच्या गावच्या शाळेनं पंधरा ऑगस्टला प्रदर्शन ठरवलं आणि नानांना सांगितलं, तुमच्या नोटा मांडा. नाना आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी कार्यक्रमाचे पाहुणे होणार होते. त्यांनी सुताराकडून काचेच्या चौकटी करून घेतल्या. आई म्हणायची, "पोरीच्या लग्नात येवढी धावपळ नाही केली." ते खरंच होतं.

त्याच श्रावणात फैजपूरच्या बाजारात धुळ्याचा हिराभाऊ आला. जुनी नाणी, तिकिटं, नोटा घेणारा-विकणारा, आर्जवी बोलणारा. त्यानं नानांना एक दहाची नवी नोट दाखवली. कोऱ्या जागेत सोनेरी अशोकचक्र आणि खाली 'स्वातंत्र्याची पन्नास वर्षे'. म्हणाला, नाशिकच्या छापखान्यातून मोजक्याच निघाल्यात, मोठ्या लोकांना वाटायला. अजून कोणाच्या हातात फिरलेली नाही, छापखान्यातून थेट पाकिटात. प्रदर्शनात मधोमध ही पाहिजे, नाना. नानांना ते पटलं. आणि तिच्या बदल्यात त्यांनी त्याला आजोबांची नोट दिली.

शनिवारी अर्धा दिवस भरून मी जळगावहून गावी गेले तेव्हा हे झालं होतं. नानांनी कौतुकानं ती नोट माझ्या हातावर ठेवली. मी ती खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. वॉटरमार्कच्या पांढऱ्या जागेत, त्या सोनेरी 'पन्नास'च्या मागून, चिकाचा अंगठा उमटला होता. फिकट, पण स्पष्ट. अक्षरांच्या बाहेर तपकिरी, अक्षरांवर मात्र सोनं लखलखीत. चीक नंतर लागला असता तर त्यानं सोनंही काळवंडलं असतं. शिवाय बंडलाला पिना मारतात त्यांची भोकं होती आणि एका भोकात ती सोनेरी शाई उतरून पाठीमागं टिपका आला होता. म्हणजे नोट छापखान्यातून निघाली, तिला पिना मारल्या, ती बँकेत आली, आमच्याच पट्ट्यातल्या कुणाच्या तरी ओल्या हातात गेली, आणि मग कुठं तिच्यावर स्वातंत्र्याची पन्नास वर्षं उगवली. चीक तेव्हा नितळ असणार. छापणाऱ्याला तो दिसला नाही, नंतर रंगला.

"नाना, ही खोटी आहे," मी म्हटलं. "हा डाग बघा. कोणाच्या हातात फिरली नाही म्हणतो ना तो? मग हा चीक कुठून आला?"

नानांनी डागाकडे पाहिलं आणि ते हसले. "चीक तं राह्यतोच व माय. आपल्याकडची कोणती नोट बिनचिकाची पाह्यली तू?"

मी कपाळावर हात मारला. त्यांना सांगितलं ते बाहेर ओट्यावर बसलेल्या दोघांनाही सांगितलं. त्यांनी नोट हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, चीक तर असतोच. ज्यांनी जन्मभर चीक सोसला त्यांना तो दिसतच नव्हता. हीच नोट घेऊन मी नागपूरला गेले असते तर पहिल्या माणसानं विचारलं असतं, हा डाग कसला?

सोमवारी ती नोट घेऊन मी बँकेत आमच्या साहेबांकडे गेले. त्यांनी नोट उजेडात धरली, नंबर पाहिला. म्हणाले, "मॅडम, नोट खरी आहे. वर कोणी काही छापलं तर आपण काय करणार? शाईनं नावं लिहिलेल्या नोटा आपण रोज घेतो." मी म्हटलं, "साहेब, याच्या बदल्यात माणसानं लाखमोलाची नोट नेली." ते म्हणाले, "मग तुमच्या वडिलांनी दिली कशाला?" साहेब चुकीचं बोलत नव्हते, म्हणून जास्त संताप आला. ज्या नोटेवर उघड खोटं छापलंय ती नोट कायद्यानं खरी. ती चालते. तिच्यावर दूध येतं, भाजी येते. फसवणूक झाली हे सांगायला गेलं की समोरचा विचारतो, झालं काय?

मग मी रजा टाकून धुळ्याला गेले. एसटी एरंडोल, पारोळा करत खड्ड्यांतून चालली होती. दोन्ही बाजूंनी कपाशी हिरवीगार, आभाळ उतरलेलं, आणि मी मात्र मनातल्या मनात हिराभाऊशी भांडत बसलेली. त्याचं दुकान आग्रा रोडच्या एका बोळात होतं, म्हणजे काचेचं एक कपाट आणि दोन स्टुलं. त्या कपाटात, वरच्याच फळीवर, आजोबांची नोट होती. मला ती लांबूनच ओळखू आली.

हिराभाऊ उठून उभा राहिला. "या ताई, बसा. नाना बरे आहेत ना? चहा सांगू?"

मी चहाला नाही म्हटलं आणि नोट, भिंग दोन्ही त्याच्यासमोर ठेवलं. चीक दाखवला, पिनांची भोकं दाखवली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चिडला नाही, घाबरला नाही.

"चीक तर नानांच्याच हाताचा असेल," तो म्हणाला. "केळीवाले ना तुम्ही?"

"शाईच्या खाली आहे तो. बघा भिंगातून."

"भिंगातून ज्याला जे पाहायचं ते दिसतं, ताई." मग त्यानं काचेवर बोट ठेवलं. "असं करा. व्यवहार माझा आणि नानांचा झाला. नानांनी इथं यावं, स्वतःच्या तोंडानं म्हणावं की हिराभाऊ, तू मला खोटी दिली. मी ही नोट लगेच काढून देतो. तुमच्या समोर सांगतो."

तो लबाड होता, पण माणसं ओळखण्यात माझ्यापेक्षा पुढं होता. त्याला ठाऊक होतं की नाना येणार नाहीत.

परत येताना मला मात्र वाटत होतं की झालं काम. एक वाक्य तर बोलायचं होतं. गावी जाऊन मी ती नोट नानांपुढं ठेवली, सगळं सांगितलं, त्यांची पिशवी भरायला घेतली. ते जागचे हलले नाहीत.

"राजीखुशीनं बदल केला म्या," ते म्हणाले. "आता त्याच्या दारात जाऊन त्याले चोर म्हणू?"

"तो चोरच आहे, नाना."

"तुह्या भिंगात असंन."

मी किती डोकं फोडलं त्या दिवसांत. आईला मध्ये घातलं, रुसून पाहिलं, दोन घास कमी जेवले. नाना माझ्याशी नेहमीसारखे बोलत आणि तो विषय निघाला की उठून बागेत जात. पाऊस रिपरिप पडायचा, बागेत पानं वाजायची, ट्रॅक्टर चिखलात रुतून बसायचे. उपासांमुळे केळीला उठाव होता, सगळं गाव कामात होतं. तिकडं बोळातल्या कपाटात आजोबांची नोट कोणत्याही दिवशी विकली गेली असती आणि माझ्याशिवाय कोणाला त्याची फिकीर नव्हती. माणसाचा जीव तुटतो म्हणजे काय होतं ते मला तेव्हा कळलं. काही होत नाही. आपण फक्त चिडचिडे होतो, आणि लोक म्हणतात हिला बँकेचं काम झेपत नाही.

पंधरा ऑगस्टच्या आधी मी पुन्हा गावी गेले. नाना ओट्यावर बसले होते. शेजारी रॉकेलची वाटी, हातात कापसाचा बोळा आणि मांडीवरच्या पाटीवर ती नोट. माझ्या बोलण्याचा त्यांच्यावर एवढाच परिणाम झाला होता की त्यांना त्या डागाची लाज वाटू लागली होती. बाहेरगावची माणसं येणार, चिकाची नोट कशी मांडायची? म्हणून आमच्या घरी हातांचा, विळ्याचा, भांड्यांचा चीक ज्यानं पुसतात त्यानंच ते नोट पुसत होते.

मी पोचले तेव्हा 'स्वातंत्र्याची' गेलं होतं. 'पन्नास' अर्धं. चक्राचे आरे फिसकटले होते. कापूस सोन्यानं माखला होता. आणि चीक जिथल्या तिथं होता, एवढासुद्धा हलला नव्हता.

खोटं नाही सांगत, मला आनंद झाला. भिंगाशिवाय, कोणाच्याही डोळ्याला दिसेल असा पुरावा. मी पर्समधून माझी दहाची नोट काढली, रॉकेलमध्ये बुडवली, कापसानं खसाखसा घासली. गांधीजी तसेच, आकडे तसेच, कापूस पांढरा. "बघा नाना. खरी शाई जाते का? ही लग्नपत्रिकेची शाई आहे. चला, आत्ताच्या आत्ता धुळ्याला. आता तर पटलं ना?"

नाना नोटेकडे बघत होते. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. मग म्हणाले, "माह्या हातानं बिघडली व ते. चांगली नोट म्या बिघडवली."

मी त्यांना समजावलं, ओरडले, पुन्हा समजावलं. ते म्हणत, ती खास शाई होती, नाजूक असंन, मलेच अक्कल नाही. शेवटी मी तो सोनेरी कापसाचा बोळा कागदात गुंडाळला आणि एकटीच धुळ्याला निघाले. म्हटलं, त्यांच्या तोंडचं वाक्य नसलं तर नसलं, भर बाजारात हा कापूस दाखवीन.

बोळात ते काचेचं कपाट नव्हतं. स्टुलं नव्हती. शेजारी पट्टे-चेन विकणारा होता, त्याला विचारलं.

"तो नही शे आते, ताई," तो म्हणाला. "मुंबईले गया. बठ्ठं सामान लई गया."

"परत कधी येणार?"

"काय माहीत. भाडं बी सोडी दिन्हं."

पावसाची सर आली आणि त्यानं माझ्यासाठी स्टूल पुढं केलं. मी तिथं बसून राहिले. एवढ्या लांब भांडायला आले आणि भांडायला माणूसच नव्हता. नाना वेळेवर आले असते, एक वाक्य बोलले असते, तर आजोबांची नोट माझ्या मांडीवर असती. त्या सबंध प्रकरणात मला हिराभाऊपेक्षा नानांचा राग जास्त आला, आणि तो आजही गेलेला नाही. नाना जाऊन आता किती वर्षं झाली. पुढं मी मुंबई-पुण्याची नोटांची प्रदर्शनं धुंडाळली, लिलावांच्या पुस्तिका चाळल्या. तशा नोटा दिसतात, ती दिसत नाही.

त्या रात्री घरी पोचले. नाना जागे होते. मी सांगितलं, नोट गेली, मुंबईला, कायमची. म्हटलं, "आता तरी म्हणा नाना. इथं कोणी नाही, मी एकटी आहे. म्हणा की ती खोटी होती."

ते भिंतीला टेकून बसले होते. इतक्या हळू बोलले की मला पुढं सरकावं लागलं.

"खोटी म्हटली तं माह्या बाबाची नोट म्या फुकट घालवली, माय. खरी होती आन माह्या हातानं बिघडली, येवढं तरी राहू दे मले."

त्यांना दिसलं नव्हतं असं नाही. माझ्यासारखंच सगळं दिसलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

पंधरा ऑगस्टला शाळेत पताका होत्या, दारात रांगोळी होती, लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. नानांच्या चौकटी टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. मधोमध ती दहाची नोट. अर्धवट सोनेरी, फिसकटलेली, चिकाच्या अंगठ्यासकट. येईल त्याला नाना सांगत होते, फार दुर्मिळ नोट, माझ्या हातून खराब झाली. लोक हळहळत होते. मी खांबाला टेकून उभी होते आणि दातओठ खात होते.

सावद्याहून आलेले एक म्हातारे मास्तर चौकटीवर वाकले. चष्मा वर-खाली करून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाले, "नाना, पण मुळात ही खरी होती का हो?"

"माह्या पोरीले इचारा," नाना म्हणाले. "ते बँकेत हाये. तिले समजते त्यातलं."

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांच्यामागचे चार-पाच जणही. कितीतरी दिवस मी कोणीतरी मला हे विचारावं म्हणून तळमळत होते. बँकेत, ओट्यावर, बोळात, कोणी विचारलं नव्हतं. आता विचारलं. पर्समध्ये तो कापसाचा बोळाही होता. नाना माझ्याकडे बघत नव्हते. ते चौकटीची काच धोतराच्या टोकानं पुसत होते.

"खरी होती," मी म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली, "अरेरे" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. नानांनी काच पुसून झाल्यावर टोपी सारखी केली आणि माझ्याजवळ आले.

"चाल, माय," ते म्हणाले. "घरी चाल. भूक लागली असंन तुले."

मला भूक नव्हती. मला अख्ख्या शाळेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडायचं होतं. मी त्यांच्या मागोमाग घरी गेले आणि जेवायला बसले.